जास्तीचा कापलेला आयकर परत कसा मिळवायचा? तारखा, कागद आणि नावाचा घोळ

पगारातून, ठेक्याच्या बिलातून, बँकेच्या व्याजातून किंवा उमराच्या पॅकेजवर आगाऊ कापलेला कर तुमच्या खऱ्या करापेक्षा जास्त असेल, तर वरची रक्कम परत मागण्याचा हक्क तुम्हाला आयकर कायद्याच्या कलम २३७ने दिला आहे. यालाच आपण रिफंड म्हणतो. ही सरकारची मेहेरबानी नाही आणि कुठली योजनाही नाही. तुमचेच पैसे तुमच्याकडे परत येतात. पण ते आपोआप येत नाहीत. त्यासाठी आयकर विवरणपत्र, म्हणजे रिटर्न भरावं लागतं. रिटर्न हाच रिफंडचा अर्ज, दुसरा वेगळा अर्ज लागत नाही.

"आपलं उत्पन्न टॅक्समध्ये बसतच नाही, मग रिटर्न कशाला भरायचं?" हे वाक्य वणीत सर्रास ऐकू येतं. नेमक्या अशाच माणसांचा रिफंड बुडतो. उत्पन्न करपात्र नसेल तर कापलेला सगळाच्या सगळा पैसा परत मिळू शकतो, फक्त तो मागावा लागतो.

आधी महत्त्वाची तारीख. आर्थिक वर्ष २०२४-२५चं रिटर्न भरण्याची मूळ मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि मग १६ सप्टेंबर २०२५ केली गेली. ती आता संपली. पण उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५पर्यंत भरता येत होतं आणि त्यातही रिफंड मागता येत होता.

कोणाचा पैसा अडकलेला असतो?

वणी म्हणजे कोळसा खाणी, चुनखडी, कापूस आणि त्यावर चालणारी वाहतूक व ठेकेदारी. इथे कर कापला जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

*ठेकेदार आणि पेटी कॉन्ट्रॅक्टर.* ठेक्याच्या बिलातून वैयक्तिक ठेकेदाराचा १ टक्का कर कापतात (कलम १९४सी). हा कर पूर्ण बिलावर कापला जातो, नफ्यावर नाही. समजा, वर्षभरात १२ लाखांची बिलं निघाली. १२,००० रुपये कापले गेले. मजुरी आणि सामान जाऊन हातात ३,६०,००० उरले. नव्या कररचनेत २०२४-२५साठी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट धरून कर शून्य होतो. म्हणजे १२,००० रुपये तुमचे.

*ट्रक आणि टिपरमालक.* वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसतील, आणि तुम्ही तसं लेखी घोषणापत्र पॅन क्रमांकासह दिलं असेल, तर भाड्यातून कर कापायचाच नसतो. घोषणापत्र दिलं नाही तर १ टक्का कापला जातो, आणि पॅनच दिला नाही तर थेट २० टक्के! कापला गेलेला कर रिटर्नमधून परत मागायचा आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच घोषणापत्र देऊन टाकायचं.

*शिक्षक आणि इतर नोकरदार.* थकबाकी एकदम मिळाली की त्या वर्षी उत्पन्न फुगतं आणि कर जास्त कापला जातो. ज्या वर्षांची थकबाकी आहे त्या वर्षांत ती वाटून हिशेब केला तर कलम ८९ची सवलत मिळू शकते. ही सवलत नव्या कररचनेतही आहे. मात्र फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. रिटर्नमध्ये सवलत लिहिली आणि १०ई भरलाच नाही, तर ती सवलत नाकारली जाते. आपल्या शिक्षक मंडळींचं नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं.

*पीएफ काढलेले कामगार.* ठेकेदाराकडे दोन-चार वर्षं काम केलं आणि पाच वर्षं पूर्ण होण्याआधी ईपीएफ काढला, रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असली, की १० टक्के कापले जातात. कामगाराचं वर्षाचं उत्पन्न मर्यादेत असेल तर तेही परत मिळतात.

*उमरा आणि परदेश प्रवास.* खासगी टूरवाला परदेशी पॅकेजवर टीसीएस घेतो. २०२४-२५मध्ये तो ५ टक्के होता आणि ७ लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के. १ एप्रिल २०२५पासून ती मर्यादा १० लाख झाली. लोक हा टीसीएस तिकिटाच्या खर्चातलाच एक भाग समजून विसरून जातात. पण तो आयकरच आहे, तुमच्या पॅनवर जमा झालेला. समजा, मुलाने आई-वडिलांसह चौघांचं ४,४०,०००चं पॅकेज घेतलं. २२,००० टीसीएस गेला. मुलाचा वार्षिक पगार ६,८०,०००. नव्या रचनेत ७५,०००ची प्रमाणित वजावट जाऊन ६,०५,००० उरतात, कर शून्य. म्हणजे २२,००० परत. मात्र टीसीएस ज्याच्या पॅनवर भरला गेला, सर्वसाधारणपणे मागणी त्याच्याच रिटर्नमध्ये करायची. म्हणून बुकिंग करतानाच कोणाचा पॅन द्यायचा ते ठरवा, आणि टूरवाल्याकडून फॉर्म २७डी हे प्रमाणपत्र मागून घ्या.

*जमिनीचा मोबदला.* खाणीसाठी किंवा रस्त्यासाठी जमीन गेलेली कुटुंबं तालुक्यात बरीच आहेत. २०११च्या जनगणनेनुसार वणी शहराची लोकसंख्या एक लाखाच्या आत असल्याने नगरपरिषद हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन सर्वसाधारणपणे ग्रामीण शेतजमीन ठरते आणि तिच्या मोबदल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. वाढीव मोबदल्यावरचं व्याज मात्र करपात्र असतं. त्यातलं अर्धं व्याज वजावट म्हणून मिळतं आणि उरलेल्या अर्ध्यावर कर बसतो. कापताना मात्र पूर्ण व्याजावर १० टक्के कापतात. म्हणून इथेही रिफंड निघण्याची शक्यता मोठी. असं प्रकरण जाणकार सीएकडूनच भरून घ्यावं.

उशिरा भरल्याने काय जातं?

३१ डिसेंबरपर्यंत रिटर्न भरलं तरी तीन तोटे आहेतच.

पहिला, विलंब शुल्क. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्याच्या वर ५,०००. उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर शुल्क नाही. वरच्या ठेकेदाराला १२,०००ऐवजी ११,००० मिळतील. उमरावाल्या मुलाला २२,०००ऐवजी १७,०००.

दुसरा, जुनी कररचना निवडता येत नाही. पगारदाराला विमा, पीएफ, घरकर्जाचं व्याज, घरभाडं या वजावटी जुन्या रचनेत मिळतात, पण ती रचना निवडायची तर रिटर्न मूळ मुदतीतच भरावं लागतं. ८०सीच्या भरवशावर रिफंड मोजून बसलेल्या माणसाला डिसेंबरमध्ये तो मिळणार नाही.

तिसरा, रिफंडवरचं व्याज कमी होतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मुदत वाढेल या आशेवर बसू नका. ३१ डिसेंबर २०२४ची तारीख १५ जानेवारी २०२५पर्यंत वाढली होती, पण त्यामागे मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका होती. ५ जुलै २०२४ला आयकर खात्याच्या प्रणालीत बदल झाला आणि कलम ८७एची सूट काही करदात्यांना मागताच येईना. मुंबईतल्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या संस्थेने दाद मागितली. न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ला मुदतवाढीचा आदेश दिला. नंतर २४ जानेवारी २०२५च्या निकालात, करदात्याला आपला दावा मांडण्यापासून सॉफ्टवेअर अडवू शकत नाही, ही बाजू न्यायालयाने मान्य केली. असं दर वर्षी घडत नसतं.

एक माणूस, तीन कागद, तीन नावं

आपल्या समाजात रिफंड अडकण्याचं मोठं कारण उत्पन्नाच्या हिशेबात नसतं, ते नावात असतं. विदर्भात 'शेख रहीम शेख करीम' अशी नाव लिहिण्याची पद्धत आहे. तोच माणूस आधारवर 'रहीम करीम शेख' असतो आणि बँकेत नुसता 'शेख रहीम'. शेख हा शब्द इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात. मोहम्मद कुठे पूर्ण असतो, कुठे दोन अक्षरांत आटपलेला. सय्यदचं तेच. बायकांच्या नावापुढे एका कागदावर बी, दुसऱ्यावर बेगम, तिसऱ्यावर काहीच नाही. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख वेगळी, आधारवरची वेगळी.

गल्लीत याने काही अडत नाही. संगणकाला मात्र हे तीन वेगळे लोक वाटतात. परिणाम दोन ठिकाणी दिसतो.

एक, पॅन-आधार जोडणी होत नाही. जोडणी न झालेले पॅन १ जुलै २०२३पासून निष्क्रिय धरले जातात. रिटर्न भरता येतं, पण रिफंड दिला जात नाही, त्या काळाचं व्याजही मिळत नाही आणि वरून कर चढ्या दराने कापला जातो. आता जोडणीसाठी १,००० रुपये भरावे लागतात, आणि त्यानंतर पॅन सक्रिय व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात.

दोन, बँक खातं पडताळलं जात नाही. रिफंड आता फक्त पडताळणी झालेल्या खात्यातच येतो. पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही तर मंजूर झालेला रिफंडही परत जातो.

उपाय सोपा आहे, पण क्रम पाळा. कोणत्या कागदावरचं नाव कायम ठेवायचं ते आधी ठरवा. शक्यतो शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळणारं धरा. त्याप्रमाणे आधार दुरुस्त करा, आधारप्रमाणे पॅन, आणि शेवटी बँकेत केवायसी. पॅन दुरुस्तीला शंभर-एकशे दहा रुपयांच्या आसपास खर्च येतो. नाव बदलत नाही, फक्त स्पेलिंग एकसारखं होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगा.

रिटर्न भरण्याच्या पायऱ्या

१. आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर (इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन) लॉगिन करा. रिटर्न भरणं मोफत आहे. पॅन हाच यूजर आयडी.

२. फॉर्म २६एएस आणि एआयएस (वार्षिक माहिती विवरण) उघडून पाहा. तुमच्या पॅनवर कोणी, किती कर जमा केला ते त्यात दिसतं. फॉर्म १६ किंवा १६एमधली रक्कम त्याच्याशी ताडून घ्या.

३. कापलेला कर २६एएसमध्ये दिसत नसेल तर कापणाऱ्याने आपलं टीडीएस विवरण भरलेलं नाही किंवा पॅन चुकीचा टाकला आहे. पगाराचं २४क्यू, बाकीचं २६क्यू. त्याच्याकडे लेखी दुरुस्ती मागा आणि पगारपत्रक, बिल, बँक पासबुक जपून ठेवा. कर खरोखर कापला गेला असेल तर तेवढा कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं कलम २०५ सांगतं.

४. योग्य फॉर्म निवडा. पगार, पेन्शन, एक-दोन घरांसारख्या साध्या उत्पन्नाला आयटीआर-१, म्हणजे 'सहज'. किती घरं चालतात ते त्या वर्षीच्या फॉर्मवर पाहून घ्या. अंदाजित पद्धतीने नफा दाखवणारा छोटा ठेकेदार, दुकानदार, ट्रकमालक यांना आयटीआर-४, म्हणजे 'सुगम'.

५. सगळं उत्पन्न दाखवा. बचत खात्याचं व्याजसुद्धा. ते घरी वापरत नसाल तरी आयकराच्या हिशेबात ते उत्पन्नच आहे. एआयएसमध्ये दिसणारी रक्कम रिटर्नमध्ये नसली की रिफंड लांबतो.

६. बँक खातं पडताळून रिफंडसाठी निवडा.

७. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत ई-पडताळणी करा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. ते जमत नसेल तर आयटीआर-व्ही छापून, सही करून बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला (सीपीसी) स्पीड पोस्टने पाठवा. पडताळणी झाली नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. ३० दिवसांनंतर केली तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख ठरते, आणि ती ३१ डिसेंबरच्या पुढे गेली की काम हातचं जातं.

या कामासाठी शंभर किलोमीटर लांब यवतमाळला जाण्याची गरज नसते. प्रक्रिया बेंगळुरूला होते, पैसा थेट खात्यात येतो.

रिटर्न भरल्यानंतर

प्रक्रिया पूर्ण झाली की कलम १४३(१)ची सूचना ईमेलवर येते. तिच्यात दोन रकाने असतात. एकात तुम्ही दाखवलेले आकडे, दुसऱ्यात खात्याने मान्य केलेले. फरक असेल तर तिथेच दिसतो. साधी रिटर्न बऱ्याचदा काही आठवड्यांत निघतात, पण कायद्याने मुदत लांब आहे. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते संपल्यापासून नऊ महिने. डिसेंबर २०२५मध्ये भरलेल्या रिटर्नची सूचना ३१ डिसेंबर २०२६पर्यंत येऊ शकते.

पोर्टलवर 'रिफंड फेल' असं दिसलं तर घाबरू नका. खातं दुरुस्त करून सेवांच्या यादीतून रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती करा. 'समायोजित' असं दिसलं तर जुन्या एखाद्या वर्षाची बाकी त्यातून वळती केली आहे. तसं करण्याआधी खात्याला कलम २४५ची सूचना द्यावी लागते. बाकी मान्य नसेल तर दिलेल्या मुदतीत पोर्टलवर हरकत नोंदवा. सूचनेला उत्तर न देणं म्हणजे संमती देणंच. चौकशीसाठी खात्याचे मोफत क्रमांक १८०० १०३ ००२५ आणि १८०० ४१९ ००२५.

रिफंडवर कलम २४४ए प्रमाणे दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. मुदतीत रिटर्न भरलं तर १ एप्रिलपासून, उशिरा भरलं तर भरल्याच्या तारखेपासून. रिफंड ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज नाही. १४३(१)च्या सूचनेत मूळ रक्कम आणि व्याज वेगवेगळं दाखवलेलं असतं. ज्यांना व्याजाची रक्कम बाजूला काढायची असते त्यांना ती तिथे नेमकी समजते. तिचं पुढे काय करायचं ते आपापल्या उलेमांना विचारावं, पण पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ती उत्पन्न म्हणून दाखवावीच लागते.

जुन्या वर्षांचा पैसा

३१ डिसेंबर गेला तर? बरेच जण आयटीआर-यू, म्हणजे अद्ययावत रिटर्नचं नाव सांगतात. त्यातून रिफंड मागता येत नाही किंवा वाढवता येत नाही. ते फक्त जास्तीचा कर भरण्यासाठी आहे.

खरा रस्ता कलम ११९(२)(बी)चा. विलंब माफ करण्याचा अर्ज. प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रक ११/२०२४ प्रमाणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत हा अर्ज करता येतो. म्हणजे आर्थिक वर्ष २०१९-२०चा रिफंड राहिला असेल तर ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख होती. १ कोटीपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त निर्णय घेतात. अर्ज पोर्टलवरून करता येतो. दावा खरा आहे आणि उशिरामागे खरी अडचण होती, हे दाखवावं लागतं. आजारपण, घरातला मृत्यू, कापणाऱ्याने उशिरा भरलेला टीडीएस, जे असेल त्याचा कागद जोडा. मंजुरी मिळाल्यावर रिटर्न भरायचं. अशा रिफंडवर व्याज मिळत नाही.

करदाता वारला असेल तरी हक्क बुडत नाही. वारसाने पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करायची. मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. पैसा एका वारसाच्या खात्यात आला तरी तो सगळ्या वारसांचा असतो, हे विसरू नये.

'इतके टक्के द्या, रिफंड काढून देतो'

असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. हे लोक न दिलेली देणगी, न भरलेलं घरभाडं, नसलेला आजार दाखवून रिफंड फुगवतात आणि त्यात कमिशन घेतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात अशा दलालांच्या दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचंही खात्याने सांगितलं. ज्या राज्यांची नावं आली त्यात महाराष्ट्र होता. दलाल कमिशन घेऊन मोकळा होतो, रिटर्नवर नाव आणि पॅन तुमचा असतो. चुकीची माहिती दिल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो. पगारदाराच्या नोकरीवरही त्याचा डाग लागतो.

तसंच, रिफंड मंजूर झाला म्हणून मेसेजमधल्या लिंकवर खातं नंबर, पिन किंवा ओटीपी देऊ नका. खातं असं कधी विचारत नाही.

पुढच्या वर्षासाठी

आर्थिक वर्ष २०२५-२६पासून नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर शून्य होतो, पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे कर लागणार नाही पण कापला मात्र जाईल, अशी माणसं वाढणार. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला. त्याच्या पहिल्या मसुद्यात उशिराच्या रिटर्नवर रिफंड नाकारणारी तरतूद होती. संसदेच्या प्रवर समितीने ती काढण्याची शिफारस केली आणि ती काढली गेली. उशिरा मागण्याचा हक्क त्यामुळे शाबूत आहे.

कर कापलाच जाऊ नये यासाठी बँकेत एप्रिलमध्येच तसं घोषणापत्र द्या (पूर्वीचा फॉर्म १५जी, साठ वर्षांवरच्यांसाठी १५एच). मात्र वर्षाच्या उत्पन्नावर कर शून्य येत असेल तरच.

या आठवड्यात एवढं करा. घरातल्या प्रत्येक पॅनचं २६एएस काढा. आई-वडिलांचंही, गृहिणीचंही. पॅन, आधार, पासबुक शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवा. २६एएसमध्ये रक्कम दिसली तर ३१ डिसेंबरची वाट पाहू नका. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टलही चालत नाही आणि सीएही फोन उचलत नाही.